जळणाची बेगमी

मृग नक्षत्राला आठ-पंधरा दिवस उरले की कोकणातील घराघरांत जी धांदल उडते तिला आगोट म्हणतात. तांदूळ, मीठ, मिरच्या, आमसुले, सुकी मासळी यांच्याबरोबर जळणाचीही बेगमी त्याच दिवसांत करावी लागते, कारण एकदा आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की सुके लाकूड पैसे मोजूनही मिळत नाही, आणि ज्या घराच्या पडवीत सरपण रचलेले नाही त्या घरातील चूल चार महिने धुमसत राहते, तिच्यापुढे बसणारीच्या डोळ्यांतले पाणी खळत नाही आणि वैलावरचा भात वेळेवर शिजत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या आजोळी हे सारे मी लहानपणी पाहिले होते, फाटी रचायला हातभारही लावला होता. तरीसुद्धा पन्नाशीच्या उंबरठ्यावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हर्माँट या राज्यात आम्ही एक जुने घर विकत घेतले आणि त्या घराच्या दिवाणखान्यातील लाकडाच्या शेगडीचा मी आयुष्यात प्रथमच मालक झालो, तेव्हा त्या आगोटीची मला आठवण झाली नाही. लाकूड जळते म्हणजे नेमके काय घडते याचा विचार करण्याची वेळ पुढच्या हिवाळ्याने माझ्यावर आणली, म्हणून त्या हिवाळ्याची कैफियत मी येथे तपशिलाने मांडतो.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत या वस्तूला स्टोव्हच म्हणतात. परंतु मराठी वाचकाला स्टोव्ह म्हटले की पितळी टाकीचा, पंप मारून पेटवायचा रॉकेलचा स्टोव्ह आठवतो, सबब मी शेगडी हाच शब्द योजतो. आमची शेगडी म्हणजे चार आखूड पायांवर उभी असलेली, सुमारे दोनशे किलो वजनाची बिडाची पेटी. समोर उष्णतेने न तडकणाऱ्या काचेचे दार, दाराखाली हवा कमी-अधिक करण्याची एक झडप, माथ्यातून निघालेला सहा इंच व्यासाचा नळ, आणि तो नळ विटांच्या जुन्या धुराड्यात सोडलेल्या पोलादी नळीला जोडलेला, अशी तिची रचना आहे. ज्यांच्या न्हाणीघरात पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब होता त्यांना तिचे मर्म चटकन उमगेल. बंबातही विस्तव बंदिस्त असतो आणि मधल्या नळीतून वर चढणारा धूर जाता जाता आपली उष्णता भोवतीच्या पाण्याला देतो. येथे पाण्याच्या जागी बीड तापते आणि बिडामुळे खोली तापते.

विस्तव असा बंदिस्त करण्याची कल्पना त्या देशात जुनी आहे. वसाहतकाळातील घरांतून भिंतीतले उघडे अग्निस्थान असे, आणि त्यातील बहुतेक उष्णता धुरासोबत थेट आकाशात निघून जाई, शिवाय जाताना खोलीतील तापलेली हवाही बरोबर ओढून नेई. हा अपव्यय थांबवावा म्हणून बेंजामिन फ्रँकलिनने १७४२ च्या सुमारास लोखंडी पत्र्यांची एक नवी रचना सिद्ध केली आणि १७४४ साली तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नराने देऊ केलेला एकाधिकाराचा परवाना मात्र त्याने लोकोपयोगाच्या भावनेने नाकारला. त्याच्या मूळ रचनेत धूर आधी खाली वळून मग धुराड्यात शिरत असे, जेणेकरून त्याची उष्णता खोलीत वसूल व्हावी. पण धूर वर चढतो तो केवळ ऊन असल्यामुळे, आणि थंड धुराड्यात ही वळणाची वाट ओढ घेईना, म्हणून पुढच्या कारागिरांनी ती काढून टाकली. पुढे कोळसा आला, तेल आले, आणि लाकडाच्या शेगड्या अडगळीत गेल्या. १९७३ च्या तेलटंचाईने त्या पुन्हा दिवाणखान्यात आणल्या. व्हर्माँटमधीलच रँडॉल्फ या गावी १९७५ साली व्हर्माँट कास्टिंग्ज ही बिडाच्या शेगड्या ओतणारी कंपनी निघाली ती याच लाटेत.

आम्ही घरात राहायला गेलो तेव्हा ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, मेपलची पाने लाल होऊन गळू लागली होती आणि पहाटे गवतावर दहिवर गोठलेले दिसे. सरपण तेथे कॉर्ड या मापाने विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफूट रचलेले लाकूड, असा त्याचा हिशेब आहे. मी गावातल्याच एका विक्रेत्याकडून दोन कॉर्ड ओक आणि मेपल घेतले. लाकूड चांगले मुरलेले आहे, अशी त्याने तोंडी खात्री दिली आणि ती मी निमूटपणे मान्य केली. मालमोटारीने अंगणात ओतलेला तो ढीग रचताना फोडी हाताला फार जड लागत होत्या, त्यांची साल घट्ट चिकटलेली होती आणि कापलेली टोके फिकट, गुळगुळीत दिसत होती. या तिन्ही खुणांचा अर्थ ठळक अक्षरांत समोर लिहिलेला होता. तो वाचण्याची विद्या माझ्याकडे नव्हती.

पहिला विस्तव पेटवला त्या संध्याकाळचे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. कागद आणि पेटवणाच्या काटक्या भडकून जळाल्या, त्यांच्यावर ठेवलेल्या ओकच्या दोन फोडींना कडेने ज्वाळा लागली, आणि मग त्या फोडींच्या टोकांतून बारीक फेस बाहेर येऊ लागला. तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चुरचुर आवाज होत होता. ज्वाळा खाली बसली, पेटीत करडा धूर दाटला, अर्ध्या तासात दाराची काच तपकिरी आणि तासाभरात काळी झाली. काय झाले ते पाहावे म्हणून मी दार उघडले तर धूर खोलीत आला आणि छताला लावलेली धुराची घंटा केकाटू लागली. पत्नीने खिडक्या उघडल्या. बाहेर शून्याखाली चार अंश होते. शेगडी पेटवण्यापूर्वी घरात जी ऊब होती तीही त्या खिडक्यांतून गेली.

आता या फसलेल्या विस्तवात काय घडत होते ते पाहू, कारण शेगडीची सारी विद्या येथे आहे. लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण घन लाकूड ज्वाळेने कधीच जळत नाही. आच लागली की आधी त्यातील पाणी उकळून निघते, आणि ते निघेपर्यंत लाकडाचा तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही. पाणी सरल्यावर, अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, लाकडाचे विघटन होऊन त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडतात. आपल्याला जो धूर दिसतो तो हाच. हा धूर सुमारे सहाशे अंशांच्या प्रदेशात सापडला आणि तेथे त्याला पुरेशी हवा मिळाली तर तो जळतो, आणि त्याच्या जळण्यालाच आपण ज्वाळा म्हणतो. सर्व वायू निघून गेल्यावर मागे कोळसा उरतो, तो निखारा होऊन जवळजवळ ज्वाळेविना, शांतपणे जळतो. लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता या धुरात साठवलेली असते. म्हणजे जो धूर न जळता धुराड्यातून गेला त्याच्याबरोबर आपल्या सरपणाचा मोठा हिस्सा गेला.

ओल्या लाकडाचा तोटा किती, याचा हिशेब बहुतेक जण चुकीच्या जागी करतात. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. एक किलो ओले लाकूड घ्या. त्यात ४५० ग्रॅम पाणी आणि ५५० ग्रॅम कोरडे काष्ठ आहे असे धरा. एक किलो कोरड्या काष्ठापासून साधारण ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, म्हणजे आपल्या वाट्याला सुमारे २,४७५ आल्या. आणि एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ६२० लागतात, म्हणजे ४५० ग्रॅमांना २८०. जमाखर्च एवढाच असता तर खोट नवव्या हिश्श्याची ठरली असती, आणि एवढ्या खोटीने कोणाचे घर थंड पडत नाही. खरी हानी निराळी आहे. पाण्याची वाफ होत असताना ती पेटीतील आच खाली ओढते, धूर सहाशे अंशांपर्यंत पोचतच नाही, आणि म्हणून जी निम्म्याहून अधिक उष्णता धुरात होती ती न पेटताच निघून जाते. सुक्याबरोबर ओलेही जळते, या समजुतीने मीही काही दिवस सुक्या फळ्यांचे तुकडे ओकच्या फोडींखाली सरकवून पाहिले. ओले लाकूड त्यामुळे जळाले. त्याचा धूर जळाला नाही.

आधुनिक शेगडीची बांधणी या धुराला गाठण्यासाठीच केलेली असते. पेटीच्या आतल्या छताखाली बारीक छिद्रांच्या नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. बाहेरची हवा लांबच्या वाटेने तापत तापत त्या छिद्रांतून सुटते आणि वर चढणाऱ्या धुराला तेथे पुन्हा पेटवते. विस्तव चांगला तापला असेल तर फोडींपासून सुटलेल्या, अधांतरी लहरणाऱ्या निळसर-पिवळ्या ज्वाळा त्या छिद्रांपाशी दिसतात आणि त्या वेळी धुराड्याच्या तोंडाशी धूर जवळपास दिसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८८ साली नव्या शेगड्यांच्या धुरावर प्रथम मर्यादा घातली आणि ती पुढे आवळत नेली. २०२० पासून दर तासाला सुमारे दोन ग्रॅम कणांहून अधिक धूर सोडणारी नवी शेगडी तेथे विकता येत नाही. ही परीक्षा मात्र कोरड्या लाकडावर घेतलेली असते. प्रमाणपत्र शेगडीच्या पाठीवर जडवलेले असते, पण ओले लाकूड घातले की त्या दोन ग्रॅमांचा भरवसा उरत नाही, हे मी त्या पाटीवरील बारीक अक्षरे वाचताना ध्यानात घेतले नव्हते.

माझी दुसरी चूक अधिक धोक्याची होती. रात्रभर विस्तव टिकावा म्हणून झोपण्यापूर्वी मी पेटी खच्चून भरत असे आणि हवेची झडप जवळजवळ बंद करीत असे. सकाळी आत काळी पडलेली लाकडे आणि तळाशी चार निखारे सापडत. विस्तव टिकला असे मी समजे. वस्तुतः सारी रात्र लाकूड हवेवाचून धुमसत होते आणि न जळलेला धूर थंड धुराड्यातून रेंगाळत वर जात होता. धुराड्यातील वायू सुमारे १२० अंशांखाली उतरले की त्यांतील पाणी आणि डांबरी वाफा नळीच्या आतल्या अंगावर थिजतात. त्या लेपाला क्रिओसोट म्हणतात, आणि तो स्वतःच उत्तम इंधन आहे. एखाद्या दिवशी सुक्या लाकडाचा सणसणीत विस्तव झाला की तो लेप पेट घेतो, धुराड्यात अकराशे अंशांपर्यंत उष्णता चढू शकते, आणि विटांना तडे जाऊन घराला आग लागते.

डिसेंबरच्या मध्यास धुराडे साफ करणाऱ्या कारागिराला मी बोलावले ते केवळ शेगडी ओढ घेत नाही या तक्रारीपोटी. शिडीवरून उतरताना त्याने नळीच्या टोकावरची जाळी काढून आणली आणि वर्तमानपत्रावर ठेवली. जाळीची भोके जवळजवळ बुजली होती. त्याने ब्रशाने खाली पाडलेली काजळी बादलीत पाहिली तर तळाकडची भुकटीसारखी मऊ होती, तिच्यावर काळ्या खपल्या होत्या, आणि नळीच्या अगदी वरच्या भागातला लेप काळ्या काचेसारखा चकाकत होता. तो ब्रशाने निघालाही नव्हता. अवघ्या दहा आठवड्यांचे हे संचित होते. धुराड्यात काही बिघाड नाही, लाकूड दाखवा, एवढेच तो म्हणाला. अंगणातील रचलेल्या ढिगातून एक फोड घेऊन त्याने ती कुऱ्हाडीने दुभंगली आणि आतल्या ताज्या अंगात एका लहानशा यंत्राच्या दोन सुया टोचल्या. यंत्राने ३८ हा आकडा दाखवला. शेगडीसाठी तो २० च्या खाली असावा लागतो. मेपलला एक पूर्ण उन्हाळा लागतो, ओकला दोन, असे सांगून त्याने जुने ढीग असलेल्या एका शेतकऱ्याचा पत्ता दिला आणि काचेसारखा लेप काढण्यासाठी पुन्हा येण्याचा दिवस ठरवून गेला.

त्या रविवारी आईशी दूरध्वनीवर बोलताना मी हे सारे तिच्या कानांवर घातले. क्षणभर थांबून तिने विचारले, "घेताना लाकडं वाजवून घेतलीस का?"

"वाजवून म्हणजे?"

"अरे, एकावर एक आपटून बघायची. सुकं लाकूड खणखणतं, ओलं नुसतं धप्प करतं. टोकाला चिरा पडल्यात का बघायच्या. आपल्याकडे मे महिन्यात फाटी घेताना आजी काय करायची, आठवत नाही तुला?"

मला आठवले. आजोळच्या खळ्यात बैलगाडीतून उतरवलेल्या लाकडांपैकी दोन हातात घेऊन आजी ती एकमेकांवर मारी, कान देऊन ऐके, आणि मग गाडीवानाला भाव सांगे. मी बाहेर जाऊन बर्फ झटकून दोन फोडी एकमेकींवर आपटल्या. धप्प असा आवाज आला. मग कारागिराने सांगितलेल्या शेतकऱ्याकडून आणलेल्या बीचच्या दोन फोडी आपटल्या. क्रिकेटच्या बॅटला चेंडू नीट बसावा तसा टणत्कार झाला. सुयांच्या यंत्राचे काम आजीच्या कानांनी होत असे.

उरलेल्या हिवाळ्यात त्या थोड्या सुक्या लाकडावर मी पेटवण्याची रीत शिकलो. धुराडे थंड असेल तर आधी वर्तमानपत्राची एक गुंडाळी पेटवून पेटीच्या आत, नळाच्या तोंडाशी धरावी, म्हणजे नळीतील थंड हवेचा स्तंभ हलतो आणि ओढ सुरू होते. चुलीत आपण काटक्या खाली आणि लाकूड वर ठेवतो. येथे उलट, जाड फोडी तळाशी, त्यांवर बारीक, त्यांवर पेटवण, आणि काडी सर्वांत वर लावावी. याने धूर पहिल्या क्षणापासून ज्वाळेतून जातो आणि जळतो. नळावर चिकटवायचा उष्णतामापक दहा-वीस डॉलरला मिळतो, तो अवश्य घ्यावा. रात्रीसाठी पेटी भरली तरी नव्या फोडी नीट पेटेपर्यंत झडप उघडी ठेवावी आणि मगच टप्प्याटप्प्याने आवरावी. राखेचे मात्र विशेष जपावे. आगीतून फुफाट्यात हा वाक्प्रचार ज्यांनी घडवला त्यांना वरून गार दिसणाऱ्या राखेत विस्तव किती काळ जिवंत राहतो हे ठाऊक होते. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर, लाकडी जिन्यापासून दूर, कित्येक दिवस ठेवावी लागते. कार्बन मोनॉक्साइडची घंटा झोपण्याच्या खोलीबाहेर असलीच पाहिजे, यात तडजोड नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळताच मी पुढच्या हिवाळ्याचे लाकूड घेतले, आणि या वेळी ओलेच घेतले, स्वस्तात आणि जाणूनबुजून. राज्याबाहेरून कच्चे सरपण आणायला व्हर्माँटमध्ये मनाई आहे, कारण अ‍ॅश वृक्षांचा संहार करणारा हिरवा भुंगेरा अशाच लाकडांतून पसरतो; म्हणून जवळच्याच रानातला मेपल घेतला. घण आणि पाचर घेऊन तो फोडला, जमिनीपासून वर लाकडी चौकटींवर एकेरी रांगेत, वाऱ्याला आडवा रचला, आणि फक्त माथ्यावर पत्रा घातला. बाजू झाकू नयेत. लाकूड उन्हापेक्षा वाऱ्याने अधिक सुकते. एका फोडीवर खडूने खूण करून ती मी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलली. एप्रिलमध्ये ती ४.१ किलो होती, जुलैत ३.३, ऑक्टोबरमध्ये २.९. एका हातात मावणाऱ्या फोडीतून सव्वा लिटरच्या आसपास पाणी वाऱ्यावर निघून गेले होते. या मानाने एका कॉर्डमधून शेकडो लिटर गेले असावे. आदल्या वर्षी तेवढे सगळे पाणी मी दिवाणखान्यात उकळायला निघालो होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात काच स्वच्छ राहिली. बाहेर शून्याखाली पंचवीस अंश असताना खोलीत बावीस असत, शेगडीच्या माथ्यावर पाण्याचे किटलीभर आधण सदैव तयार असे, आणि धुराड्यातून निघालेली वर्षभराची काजळी एका डब्यात मावली.

तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून हे प्रकरण मला पुरे करता येत नाही. उत्तमातली उत्तम शेगडीही धूर शून्यावर आणीत नाही. दाट वस्तीत, किंवा हिवाळ्यात हवा कोंडून राहणाऱ्या दरीत, शेजारच्या घरात दम्याचा रोगी असेल तर तिचा मोह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या आजीने लाकूड पारखण्यात कधी चूक केली नाही, पण तिची चूल उघडी होती, धुराडे नव्हते, आणि उतारवयात तिला खोकल्याने सोडले नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी १९४७ च्या सुमारास धुराडे असलेली मातीची मगन चूल तयार केली ती अशाच स्त्रियांसाठी. ती आमच्या आजोळापर्यंत पोचली नाही. धूर जाळावा कसा आणि उरलेला घराबाहेर घालवावा कसा, हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवल्याशिवाय चुलीचा प्रश्न सुटत नाही.

ज्या वाचकांना थंड प्रदेशात अशी शेगडी बसवायची असेल त्यांनी आधी लाकूड विकत घेऊन रचावे आणि शेगडी वर्षभराने आणावी. आमच्या अंगणात आता तीन रांगा आहेत. पुढच्या रांगेतील मेपल काल १७ आकडा दाखवत होता, मधल्या रांगेतील ओक २४ वर आहे, आणि मागची रांग गेल्याच आठवड्यात फोडली. तिचा आकडा मी अजून पाहिलेला नाही, ती परवाच्या हिवाळ्यासाठी आहे.